टाकीचं जुनं झाकण

गाडी आमच्या अंगणात आली तेव्हा मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारापर्यंत गेले आणि तशीच आत फिरले. नवऱ्यानं लिंबं स्वतःच चाकाखाली ठेवली, नारळ स्वतःच फोडला. आत येऊन खोबऱ्याचा तुकडा पुढं करत म्हणाला, "काय झालं वो, सिस्टर?" मी म्हटलं, डोकं दुखून राहिलं. मी तीस वर्षं नर्सची नोकरी केली, म्हणून तो मला गमतीनं सिस्टर म्हणतो. डोकं खरंच दुखत होतं. पण ते पेट्रोलच्या वासानं नव्हे.

ती साधी कुणाचीही जुनी गाडी असती तर मी ओवाळलं असतं. ही गाडी मी ओळखत होते. मलईच्या रंगाची, गोल नाकाची, गिअरची दांडी स्टिअरिंगलाच असलेली. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा ही माझ्या नवऱ्याच्या साहेबांची गाडी होती. नवरा फॅक्टरीत मशीनवर, साहेब त्याच्या सेक्शनचे. रविवारी सकाळी तो साहेबांच्या क्वार्टरसमोर पाने पकडून उभा असायचा. गाडीखाली साहेब, बाजूला हा आणि पायरीवर साहेबांची बायको चहाचा ट्रे घेऊन.

त्या वेळी आमच्या कॉलनीत गाडी चालवणारी बाई एकच, ती. मी उपकेंद्रावर मोपेडनं जायची. लसींचा डबा मागं बांधलेला, तोंडाला रुमाल, भुवयांवर धूळ. एकदा माझ्या मोपेडचं चाक पंक्चर झालं आणि मी रस्त्याच्या कडेला उभी होते. ती गाडी थांबली. "बसा, सोडते तुम्हाला," त्या म्हणाल्या. मी पुढच्या सीटवर बसले, लसींचा डबा मांडीवर. त्यांनी दांडी खाली ओढली, वर सारली, गाडी लोण्यासारखी निघाली. साडीला एक डाग नव्हता. संध्याकाळी मी हे घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "त्याईचा हात लय साफ चालते गिअरवर." तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनात बसलेलं आहे. माझा हात तान्ह्या लेकराच्या शिरेतसुद्धा पहिल्या झटक्यात सुई घालायचा. त्याबद्दल त्यानं कधी काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

साहेब गेले. त्यानंतर तीन-चार वर्षं गाडी त्यांच्या भंडाऱ्यातल्या घरी शेडमध्ये उभी होती. आम्हीही निवृत्तीनंतर भंडाऱ्यालाच घर बांधलं, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. एक दिवस साहेबांच्या बायकोनं माझ्या नवऱ्याला बोलावलं. भंगारवाला रोज विचारायला येतो आणि त्याला द्यायला जीव होत नाही, म्हणाल्या. रंग मारून घेतला आहे, तुम्हीच न्या. नवऱ्यानं मला विचारलं नाही. घरी आला तो गाडी घेऊनच.

दिघोरी हे माझं सासर. धाकटे दीर आणि जाऊ तिथं धानाची शेती पाहतात. नव्या गाडीतून पहिली फेरी तिथंच करायची ठरली. फेब्रुवारीचे दिवस होते, हवा अजून बरी होती. नदीवरचा पूल ओलांडला, गाडी छान चालली होती, नवरा शीळ घालत होता. लाखनी यायच्या थोडं अलीकडं गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली.

"पेट्रोल नाही येऊन राहिलं," तो म्हणाला. पेट्रोलचा काटा साहेबांच्या वेळेपासूनच बंद होता, म्हणून त्यानं टाकीचं झाकण उघडून काडी घालून पाहिली. पेट्रोल भरपूर होतं. मग बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवलं. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी सुरू.

"गरम झाली होती, बस," तो खूष होऊन म्हणाला.

पण झाकण उघडताना एक आवाज आला होता, तो मी ऐकला होता. फस्स. आत हवा ओढली जावी तसा. दिघोरीपर्यंत गाडी आणखी एकदा थांबली, येताना दोनदा. प्रत्येक वेळी त्यानं काडी घालायला झाकण उघडलं, प्रत्येक वेळी तो फस्स आवाज आला आणि प्रत्येक वेळी गाडी सुरू होण्याचं श्रेय ओल्या फडक्याला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा साहेबांच्या बायकोकडं गेला. येताना त्यांना घेऊनच आला. त्या आमच्या अंगणात खुर्चीवर बसल्या, हा बोनेटमध्ये डोकं घालून. मी चहा केला.

"साहेब काय करत होते, वहिनी, असं झालं तं?"

"आमच्याकडं कधी थांबली नाही हो. नागपूरला जाऊन यायचो आम्ही. पंप नवा घातला होता त्यांनी, पाइपही बदलले होते."

"पाहा!" नवरा माझ्याकडं वळून म्हणाला, "वहिनीले पंप समजते, पाइप समजते."

मी चहाचे कप उचलले.

मग हे नेहमीचंच झालं. आठवड्यातून दोन-तीनदा त्या यायच्या. हा पंप उघडायचा, कार्बोरेटर धुवायचा, तारा बदलायचा. त्या जवळ उभ्या राहून साहेबांच्या गोष्टी सांगायच्या. दोघं हसायचे. मी घरातून ऐकायची. काही वावगं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिची पासष्टी उलटलेली, याची जवळ आलेली. पण हेवा वाटायला वावगं असावंच लागतं असं नाही. मला हेवा वाटत होता तो अंगणातल्या त्या जागेचा. नवरा हातात काहीतरी धरून विचारतो आहे आणि बाजूला उभी असलेली बाई उत्तर देते आहे, ती जागा. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. कुठल्या मशीनबद्दल त्यानं मला काही विचारल्याचं आठवत नव्हतं. मीही कधी पाना हातात घेतला नव्हता, हे खरं. पण कुणी दिलाच नव्हता.

मार्चमध्ये एका दुपारी त्या आल्या. नवरा बँकेत गेला होता. हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"बसत नाही, उद्या पुण्याला निघालेय लेकीकडं. दोन-अडीच महिने तरी लागतील," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक गंजकं झाकण काढलं. "हे यांच्या टेबलाच्या खणात सापडलं. गाडीचं मूळ झाकण. रंगवाल्यानं नवं चकचकीत बसवलं आणि हे मला परत दिलं होतं, मी विसरूनच गेले. याला आतून बारीक छिद्र आहे बघा. नव्याला नाही बहुतेक. हे म्हणायचे, टाकीला हवा लागते. तेवढं त्यांना द्या, आठवणीनं."

त्या गेल्या. मी ते झाकण उलटं करून पाहिलं. छिद्र होतं, टाचणी जाईल एवढं.

आणि मला सगळं एका क्षणात कळलं, कारण ते मला आधीपासून माहीत होतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला सलाईनच्या बाटल्या काचेच्या असायच्या. बाटली उलटी टांगली, नळी लावली, तरी थोडं पाणी उतरलं की थेंब पडणं थांबायचं. मग रबरी बुचात एक दुसरी सुई खुपसायची, नुसती हवेसाठी. हवा आत गेली की थेंब पुन्हा सुरू. कितीदा नव्या पोरींना मी हे शिकवलं होतं. आमची गाडीही हवेच्या सुईविना टांगलेली बाटली होती. पंप पेट्रोल ओढत होता, त्याची जागा भरायला आत हवा जात नव्हती, शेवटी पेट्रोल यायचं थांबत होतं. हा काडी घालायला झाकण उघडायचा तेव्हा हवा आत जायची, तो फस्स आवाज तोच.

मी झाकण घेऊन अंगणात गेले. हे मी स्वतः सांगू शकले असते. सलाईनचं सांगितलं असतं, जुनं झाकण लावून दाखवलं असतं. मग डोळ्यासमोर आलं की तो आधी काय म्हणेल. "पाहा, वहिनीनं कसं बरोबर शोधलं!" आणि लगेच दोन गल्ल्या ओलांडून त्यांना सांगायला जाईल. मी परत आत आले. माझ्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, माझं बीपीचं मशीन आणि जुन्या डायऱ्या असतात. त्यांच्या मागं ती पिशवी सारली आणि कपाट लावून टाकलं.

संध्याकाळी सांगेन असं म्हटलं होतं. संध्याकाळी तो म्हणाला, "वहिनी पुण्याले चालल्या म्हणते. आता हे गाडी कोणाले विचाराव?"

मी सांगितलं नाही.

एप्रिल गेला. भंडाऱ्याचा उन्हाळा, दुपारी पत्र्याला हात लागला तर चटका बसायचा. नवऱ्याची खात्री पटली की गरमीमुळंच गाडी बंद पडते. त्यानं पंपाभोवती जाड पुठ्ठा लावला, पाइपवर सुतळी गुंडाळली. नागपूर रोडवरच्या एका मिस्त्रीकडून पंप तपासून आणला. पंप ठणठणीत निघाला. लाखनीपर्यंतसुद्धा गाडी नीट जाईना. मग तो तिला बाहेर काढेनासा झाला. सकाळी फडक्यानं पुसायचा आणि तिच्याजवळ नुसता बसून राहायचा. आम्ही पुन्हा स्कूटरवर फिरू लागलो. त्याच्या मागं बसून जाताना मला बरं वाटायचं, हे लिहायला नको वाटतं, पण वाटायचं. आणि रात्री जेवताना त्याचं उतरलेलं तोंड पाहिलं की मी पोळी अर्धीच टाकून उठायची, तेही खरं.

एकदा तो आंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला. पुण्याहून होता.

"झाकण बसलं का नीट?" त्यांनी विचारलं.

"हो, बसलं."

"मग आता थांबत नाही ना?"

"नाही."

"बरं झालं बाई. मी इथं काळजी करत होते. त्यांना द्या ना जरा."

"आंघोळीले गेले," मी म्हटलं. एवढंच काय ते खरं. तो बाहेर आल्यावर कुणाचा फोन म्हणून विचारलं तर मी सांगितलं, चुकून लागला होता. आपण होऊन त्यांना फोन करणाऱ्यांतला तो नव्हता. "लेकीकडं गेल्या, कायले तकलीफ द्याची," असं तो दोनदा म्हणाला होता.

मे महिन्यात त्यानं एकदा शेवटचा प्रयत्न म्हणून टाकी पूर्ण भरली आणि न थांबता जितकी जाईल तितकी गाडी दामटली. पुलापलीकडं गाडी आचके देऊ लागली तरी तो पाय दाबतच राहिला. ती मेली तेव्हा मागून डब्बा चेपल्यासारखा आवाज आला. झाकण उघडल्यावर फस्स आवाजही या वेळी मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडताना मला पेट्रोलचा वास आला. डिकीखाली फरशीवर ओला डाग. नवरा आडवा होऊन खाली गेला, बॅटरी घेऊन पाहिलं. पाइपचा जोड कोरडा. टाकी वरून ओलसर, पण थेंब नेमका कुठून सुटतो ते दिसेना. पेट्रोल उडून जातं, माग राहत नाही. तीन दिवसांनी वास आपोआप बंद झाला. त्यानं पुन्हा पेट्रोल भरलं, वास पुन्हा सुरू.

मला राहवलं नाही. म्हटलं, "टाकी फुल असली की गळते. उतरली की थांबते. म्हणजे जखम वरती आहे, खाली नाही."

त्यानं गाडीखालून मान बाहेर काढून माझ्याकडं पाहिलं. "हे बरोबर हाय," तो म्हणाला. मग चुना पाण्यात कालवून आम्ही टाकीच्या जोडावर ब्रशनं लावला. वाळल्यावर तासाभरात वरच्या जोडाजवळ पांढऱ्यावर एक काळसर रेघ उमटली. मीच दाखवली त्याला. पहिल्यांदा आम्ही दोघं त्या गाडीखाली होतो, कोपरं फरशीला टेकलेली. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी कपाटातलं झाकण आठवलं.

मिस्त्री घरी आला. आधी सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, मग टाकी उतरवून अंगणात सावलीत ठेवली. त्यानं तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "काकाजी, हे पाहा. टाकी आत ओढल्या गेली हाय."

खरंच, टाकीचा वरचा पत्रा बशीसारखा खाली बसला होता.

"इले हवाच भेटून नाही राहिली. पंप ओढते, हवा येत नाही, तं पत्राच आत येते. आत-बाहेर करून करून जोड उकलला." त्यानं टाकीची हवेची बारीक नळी तारेनं टोचून पाहिली. नळीतून मातीचे खडे पडले. गाडी शेडमध्ये उभी असताना कुंभारमाशीनं तिच्यात घर केलं होतं. मग त्यानं झाकण हातात घेतलं, उन्हाकडं धरलं. "आन् हे झाकण बी बंद. भोकच नाही. कोणं लावलं हे?"

नेमक्या त्याच वेळी फाटक वाजलं. त्या होत्या. आदल्या रात्री पुण्याहून आल्या होत्या, हातात खाऊचा पुडा. टाकी जमिनीवर पाहून त्या जागीच थांबल्या. "अगंबाई, हे काय झालं?"

"झाकण, वहिनी," नवरा म्हणाला. "गाडीसंगं हेच झाकण आलं होतं. याले हवेचं भोकच नाही म्हणते मिस्त्री."

"पण मी तर जुनं..." असं म्हणून त्या माझ्याकडं वळल्या.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. किती वेळ, कोण जाणे. मग शांतपणे म्हणाल्या, "जुनं शोधून ठेवलं होतं हो तुमच्यासाठी. पुण्याच्या गडबडीत द्यायचं राहूनच गेलं. माझीच चूक."

माझ्या अंगाची लाही झाली. मला वाचवलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, इथंही हीच पुढं. गाडी हिला येते, पंप हिला कळतो, आणि आता मोठं मनही हिचंच.

"राहून नाही गेलं," मी म्हटलं. "तुमी मले देलं होतं. माझ्या कपाटात हाय."

मिस्त्री उठला, हात पुसत म्हणाला, "मी चहा पिऊन येतो चौकातून," आणि माझ्या घरात चहा असताना निघून गेला.

नवऱ्यानं विचारलं, "काहून?"

"मले नाही मालूम."

"दोन महिने मी पागलासारखा पंप खोलून राहिलो होतो. तुले माहीत होतं?"

"जुनं झाकण हातात आलं तेव्हाच समजलं होतं. तुमी झाकण उघडलं तं फस्स झालं. काचेच्या सलाईनचं तसंच होते, हवेची सुई नाही लावली तं. मी तीस वर्षं तेच केलं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी विचारलं काहून नाही?" माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "वहिनीले विचारत होते ना. मी चहा करत होती."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं पाहिलं, मग टाकीकडं. रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो नुसता पायरीवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, "नळी बी बंद होती. एकट्या झाकणाचं नव्हतं." माझी बाजू घेत होता की स्वतःची समजूत काढत होता, मला आजही सांगता येणार नाही.

मी आत जाऊन झाकण काढायला कपाट उघडलं. पिशवी बीपीच्या मशीनमागं होती. बाहेरचं बोलणं आतपर्यंत ऐकू येत होतं, म्हणून दोन्ही वस्तू घेऊन बाहेर आले. मिस्त्री परत आला होता आणि म्हणत होता की झाळ देऊन जोड बुजवायच्या आधी आणखी कुठं फटलं आहे का ते पाहावं लागेल. सायकलच्या पंपानं हवा भरू या, पण जोर जास्त झाला तर दुसरा जोड उकलेल, ही त्याला भीती.

"यानं भरा," मी म्हटलं. बीपीच्या मशीनचा रबरी फुगा पुढं केला. "हळूहळू भरते आन् किती भरली ते पाऱ्यावर दिसते."

मिस्त्री हसला, पण नवरा हसला नाही. त्यानं माझ्या हातून नळी घेतली, टाकीच्या पाइपला कशी बसेल ते पाहिलं, बाकीची तोंडं रबराचे तुकडे लावून बंद केली. मी फुगा दाबायला बसले. तीस-चाळीस वेळा दाबल्यावर पारा चढू लागला. जरा वर गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली घसरायला लागला.

"गळून राहिली," मी म्हटलं.

त्यांनी न विचारता आमच्या मोरीतून साबणाचं पाणी आणलं होतं. पदर खोचून त्या बसल्या आणि जोडावर फेस लावू लागल्या. वरच्या रेघेवर बुडबुडे आले, ते तर आम्हाला माहीत होतं. पण मागच्या कोपऱ्यातही एक बारीकसा बुडबुडा फुगत होता. तो आधी त्यांना दिसला. मी पारा पाहत होते ना. तेवढंही माझ्या मनाला लागलं, काय सांगू.

टाकी साबणाच्या पाण्यानं अनेकदा धुतली, दोन-तीन दिवस उन्हात उघडी ठेवली, वास पूर्ण गेल्यावरच मिस्त्रीनं नेऊन तिला झाळ दिली. आणल्यावर मी पुन्हा फुगा लावला. पारा चढवला आणि घड्याळ घेऊन बसले. पंधरा मिनिटं तो जागचा हलला नाही. नवरा समोर उकिडवा बसला होता. "सिस्टर, पेशंट बरा हाय?" त्यानं विचारलं. त्या आठवड्यात तो माझ्याशी कामापुरतंच बोलला होता. मी मान डोलावली आणि फुग्याची हवा सोडली.

गाडी दिघोरीला एका दमात गेली. जुनं झाकण, साफ केलेली नळी. त्यानं आग्रह करून त्यांनाही सोबत घेतलं आणि त्या आपण होऊन मागं बसल्या. मी पुढं बसले. रस्ताभर मला वाटत होतं की पुढची सीट मला मिळाली नाही, मला सोडली आहे.

परत येताना फाटकाशी उतरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला शिकायची आहे का गाडी? मी शिकवीन."

"आता या वयात कायले," मी म्हटलं आणि आत निघून गेले.

पण ते शब्द कानातून जाईनात. भाजी चिरताना माझा डावा हात आपोआप वर-खाली व्हायचा, दांडी धरल्यासारखा. दोन आठवडे काढले. मग एका सकाळी नवऱ्याला म्हटलं, "चावी द्या." त्यानं विचारलं, कुठं? मी म्हटलं, "वहिनीकडं." मला शेजारी बसवून त्यानं गाडी त्यांच्या फाटकापर्यंत स्वतः नेली, चावी माझ्या हातात ठेवली आणि पायी परत गेला.

शिकाऊ लायसन्स काढलं. मग त्या मला जवाहरनगरच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानावर घेऊन गेल्या. सकाळची वेळ, दूरवरून फॅक्टरीच्या बस जात होत्या. मी स्टिअरिंगवर, त्या शेजारी. त्यांनी माझा हात धरून दांडीवर ठेवला. तळहात खरखरीत होता. मला तो मऊ असेल असं वाटलं होतं.

मी म्हटलं, "तुमचं बरं होतं. साहेबांनी शिकवलं."

त्या हसल्या. "साहेबांनी? ते शेजारी बसले की माझे पाय कापायचे. दोन दिवसांत ओरडून ओरडून त्यांनी चावी काढून घेतली. पुन्हा हात लावायचा नाही म्हणाले."

"मंग?"

"त्यांची दुपारची ड्युटी असायची तेव्हा खणातून चावी घ्यायची. इथंच यायची, या मैदानावर. एकटी. दोन महिने कुणाला कळलं नाही. एकदा त्या झाडाला धडकवली, ते मडगार्ड अजून जरा बसकंच आहे. मग एक दिवस त्यांना घ्यायला फॅक्टरीच्या गेटवर गाडी घेऊन गेले. काय बोलतात? बसले गुपचूप."

तीस वर्षं मला वाटत होतं की तिला ते मिळालं, मला मिळालं नाही. मिळालेलं असतं तर एक वेळ मी सोडून दिलं असतं. तिनं तर ते घेतलं होतं, चावी खणात होती आणि तिनं उठून घेतली. माझ्याही घरात कितीतरी चाव्या खणात होत्या. मला तिचा असा हेवा वाटला जसा आधी कधी वाटला नव्हता, आणि मी तिच्या शेजारी बसून होते, तिचा हात माझ्या हातावर.

"क्लच दाबा," त्या म्हणाल्या. "दांडी स्वतःकडं ओढा आणि खाली. आता क्लच हळू सोडा."

मी सोडला. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.